तुळशीखालचं अर्थिंग

प्रिय अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही असताना फोन होता, आणि फोनवर तुम्ही "हां, बोल" एवढं म्हणून तो आईच्या हातात द्यायचात. आज लिहितेय, कारण परवा सकाळी मी तुम्हाला घरभर नावं ठेवली आणि संध्याकाळी ती परत घ्यायची वेळ आली. समोर असतात तर चहा करून दिला असता आणि विषय संपला असता.

झालं असं, की तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला म्हणून आईला बघायला मी पाथरीहून पिंगळीला आले. सकाळी न्हाणीत गेले, गरम पाण्याचा नळ धरला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. तुमच्या हाताखाली शिकलेली वायरमन मी, मला काय झालं ते सांगावं लागत नाही. तशीच बाहेर आले आणि मेन स्विच पाडला.

आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तुला पण नळाला करंट लागतो का, म्हणून विचारलं. चार-पाच दिवसांपासून लागतो म्हणाली, तेही भाजी निवडता निवडता, अगदी सहज. मग मला फोन का नाही केलास? तिने मेथीची काडी मोडली, पुन्हा मोडली.

"तुझे अण्णाच हाईत ते," ती म्हणाली. "मागून येऊन दंडाला टिचकी मारायचे की, तसंच लागतंय. दिवसातून दोनदा धरते मी नळ."

अण्णा, जीव गेला असता तिचा. ओल्या हाताने, अनवाणी, दिवसातून दोनदा! तिला ओरडायला जीभ वळेना, म्हणून मग सगळा राग तुमच्यावर काढला. दुनियेच्या घरी फिटिंग चोख आणि आपल्या घरी असा कारभार? करंट गळला की मेन पाडणारा तो ईएलसीबी मी स्वतः आणून दिला होता ना तुम्हाला? लावा म्हणून किती मागे लागले. "आपल्या घरासारखं अर्थिंग कुणाचंच न्हाई," एवढंच तुमचं उत्तर. डबा अजून कपाटात होता, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं तुम्ही.

गच्चीवर गेले. सोलरची टाकी बघितली आणि ती बसवली तो दिवस आठवला. थर्मोस्टॅट आणि ऊन नसताना पाणी तापवणाऱ्या करंटच्या कॉइलचं वायरिंग तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. ते नीट झालं म्हणून मी फुशारले आणि थंड पाण्याच्या पाइपावरचा एकतर्फी व्हॉल्व्ह उलटा बसवला. टाकीत थेंब चढेना. अर्धा दिवस मी उन्हात एकेक सांधा उकलत होते, आणि तुम्ही खाली बसून मजेत पान खात होतात. तुम्हाला पहिल्या मिनिटाला दिसलं होतं. ऊन उतरल्यावर वर येऊन व्हॉल्व्हवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "बाण कुणीकडं हाय बघ."

का नाही सांगितलंत, म्हणून मी रडकुंडीला आले, तर म्हणालात, "सांगितलं असतं तर इसरली असतीस." खरंय. त्यानंतर माझ्या हातून व्हॉल्व्ह कधी उलटा बसला नाही. पण ही तुमची न सांगायची खोड, अण्णा! तिच्यावरच मला आज भांडायचंय.

कॉइल बाहेर काढली. बोअरच्या खाऱ्या पाण्याने तिच्यावर बोटभर पांढरं पुट चढलं होतं आणि खाली तडा गेला होता. तेराव्याला पाहुण्यांना गरम पाणी पुरेना म्हणून कॉइलचा करंट चालू केलेला, तो तसाच चालू राहिला. चला, दोष सापडला. पण कॉइल फुटली तरी करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा होता. तो नळाला का आला? मेन चालू करून टेस्टचा बल्ब फेज आणि अर्थिंगला लावून पाहिला. आतली तार नुसती लाल झाली, उजेड नाही; म्हणजे अर्थिंग करंट नीट ओढत नव्हतं. मेन पुन्हा पाडला आणि अर्थिंगच्या हिरव्या वायरीच्या मागे निघाले. ती मीटरपासून भिंतीच्या कडेने खाली उतरली, अंगण ओलांडून गेली आणि तुळशीच्या कट्ट्यात शिरली.

कट्ट्यामागची फरशी उचलली. खाली तुमचा अर्थिंगचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आणि माती? कोरडीठाक. काळ्या मातीला भेगा पडून ती पाइपापासून बोटभर लांब सरकली होती.

अर्थिंगच्या मातीला ओल लागते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभे राहणारे तुम्ही, कधी आत पाऊल टाकलं नाहीत. ते तुम्ही रोज संध्याकाळी तुळशीला बादलीभर पाणी घालायला लागलात तेव्हा आई गल्लीभर सांगत सुटली होती, आमचे हे सुधारले म्हणून. म्हातारपणी देव आठवला का, असं मीही चिडवलं होतं. तुम्ही नुसते हसलात. एका शब्दाने तरी सांगायचं होतं ना?

तुम्ही गेलात आणि घरात सुतक लागलं. तेरा दिवस तुळशीला कुणी पाणी घातलं नाही. नंतर आईने सुरू केलं ते तिच्या रीतीने, तांब्याभर. तुळस त्यावर जगली, पण खाली काही पोचलं नाही. मला तर सासरी दिलेली लेक म्हणून तीनच दिवसांचं सुतक. चौथ्या दिवसापासून मला चाललं असतं, अण्णा. त्याच कट्ट्याला टेकून मी रोज रडत होते आणि बादली दोन हातांवर होती.

माती सारखी करून दोन बादल्या ओतल्या. तासाभराने मेन चालू केला, बल्ब लावला, तर लख्ख पेटला.

आता आईला कसं सांगायचं? ती टिचकी तुमची नव्हती, आणि तुमची ती भक्तीसुद्धा भक्ती नव्हती. एकाच दिवशी दोन्ही काढून घ्यायचं तिच्याकडून? पण न सांगण्याने काय होतं ते सकाळीच पाहिलं होतं. तिला कट्ट्यापाशी नेलं, पाइप दाखवला आणि सगळं सांगितलं. तिने वाकून ती ओली माती बोटाने दाबून पाहिली.

"म्हंजे देवासाठी न्हवतंच ते," ती म्हणाली. "माझ्यासाठी घालायचे."

तुम्ही गेल्यापासून ती नीट रडली नव्हती. तेव्हा रडली.

नवी कॉइल आणि तो ईएलसीबी काल बसवला. अर्थिंग उत्तमच आहे तुमचं, माझे शब्द मी परत घेते. पण तुम्ही नसाल तेव्हाचे तेरा दिवस तुम्ही धरलेच नव्हते. म्हणून वचन देते, यापुढे ज्या घरात अर्थिंग करीन तिथल्या बाईला खड्डा दाखवून, पाणी का घालायचं ते तोंडाने सांगून मगच घरी येईन. आणि आपल्या घरी पुन्हा सुतक आलं, तर पहिल्याच दिवशी शेजारणीच्या हातात बादली देईन.

आई आता नळ नुसता सोडते आणि बंद करते. संध्याकाळी मात्र भरलेली बादली स्वतः उचलते, मला हात लावू देत नाही. ओतून झालं की कट्ट्यावर ओला हात ठेवून थोडा वेळ बसते.

तुमची,
सुमन