मयुरीच्या लग्नाचे अधिकृत फोटो

९ मार्च, रविवार
नव्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा खरा हिशोब. फक्त माझ्यासाठी.
घरात सांगितलेली किंमत अठरा हजार. दुकानदाराला दिलेली सव्वीस, तीही सेकंडहँडची. शिवाय जुना ब्रिज कॅमेरा एक्स्चेंजमध्ये गेला. बॅग, कार्ड, नागपूरच्या दोन चकरा, दुसऱ्या चकरेत दुकानदाराला खूश करायला पाजलेला उसाचा रस.
संध्याकाळी आमची बायको आनंदाबाई फोनवर बहिणीला सांगत होती, यायनं अठरा सांगतले म्हंजे पंचवीसच्या खाली नसन. मी अंगणात होतो. मला ऐकू येतं हे तिला सत्तावीस वर्षांत कळलेलं नाही, किंवा चांगलंच कळलेलं आहे. म्हणजे लपवण्याची मेहनतसुद्धा खर्चात धरायला पाहिजे.

१० मार्च
जुना कॅमेरा काऊन बदलला, हे लिहून ठेवतो. उद्या मलाच प्रश्न पडायचा.
सिंदी मेघेत एका बारशाला गेलतो. मागच्या खुर्च्यांवर दोन पोरं हळूच बोलत होती. काकाचा कॅमेरा पाह्य, याची लेन्सच निघत नाही, खेळण्यातला आहे. आठ वर्षं त्या कॅमेऱ्यानं चंद्रावरचे खड्डे काढले, धरणाच्या पल्याड बसलेला बगळा डोळ्यासकट काढला. सगळं एका शब्दात गेलं. खेळण्यातला.
तीस वर्षं मोटर वायंडिंग केलं. वावरातली मोटर सुरू झाली की धुऱ्यावरून सांगतो, बेअरिंग गेलं का बुश गेलं. सायकलवर तांब्याची तार वाहून नेणारा माणूस आज स्वतःच्या दुकानात बसतो तो या कानांच्या जोरावर. कॅमेराही कानानंच निवडला. दुकानदारानं तीन समोर ठेवले. मी डोळे मिटून तिन्हींचं बटण दाबलं. दोन नुसते किटकिटले. तिसरा म्हणाला खटाक. कसा, तर तिजोरी बंद झाल्यासारखा. दुकानदार म्हणाला, साहेब, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाह्यलं. तारीफ लपत नाही.

१४ मार्च, धुळवड. दुकान बंद.
समुद्रपूरला कवडूदादाकडे. मोठा भाऊ, शाळेतून शिपाई म्हणून रिटायर. त्याच्या मयुरीचं लग्न ४ मेला ठरलं. पोरगा अश्वजित, चांगला आहे, मस्कतला नोकरी. मेअखेर जाणार, मयुरीलाही नेणार. त्यासाठी लग्नाची नोंदणी लगेच पाहिजे, सर्टिफिकेट २० मेच्या आत कंपनीला पोचलं पाहिजे. नाहीतर तो एकटा जाईल आणि मयुरी वर्षभर इथं. नोंदणीला हार घातलेल्या दोघांचा एक फोटो लागतो म्हणे.
एक. मी हजार देईन.
दादानं वर्ध्याच्या रुपेशला फोटोला सांगितलं होतं. मी म्हणालो, घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला. दादा सुपारी कातरत राह्यला. मग म्हणाला, प्रेमदास, तुले जमन काय. मी खटाक करून दाखवलं. रुपेशला तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, जेवाले येजो, कॅमेरा घरी ठेवजो. मयुरी म्हणाली, काका, नक्की ना. पोरीचा माझ्यावर फार विश्वास.
या लग्नातला प्रत्येक फोटो माझा असेल.

१९ मार्च
सकाळी धरणावर. बगळा तिथंच. कॅमेऱ्यातून बघितलं तर तांदळाचा दाणा. जुन्यात याच जागेवरून त्याची चोच भरून यायची. या लेन्सला झूम म्हणून जे काही आहे ते बसल्या जागेवरून अर्धं पाऊल पुढं जाण्याइतकं. चालत जवळ गेलो. बगळा उडाला.
काळजी नाही. नवरी उडत नाही.

२३ मार्च, रविवार
नवी लेन्स घेतली. पन्नास एमएमची म्हणतात. झूम अजिबात नाही, पण मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. दुकानदारानं उघडून दाखवलं, एकदम उजेड. लग्नाला हीच. आनंदाबाईला सांगितलं कॅमेऱ्यासोबत फ्री आली. ती म्हणाली, दोन आठवड्यांनी?

२४ मार्च
रोग सापडला.
या लेन्सच्या पोटात बारकी मोटर आहे, ती फोकस करते. बटण अर्धं दाबलं की गुर्र गुर्र. कान लावला. कोरडी चालते आहे. आत कुठंतरी घासते. गिऱ्हाईकानं अशी मोटर आणली तर मी त्याला म्हणतो, आज चालते, उद्या ऐन पाण्याच्या पाळीला जळेल. आणि ही जळणार ती ऐन हार घालताना.
लेन्सवर बटण आहे, ऑटोचं मॅन्युअल करायचं. केलं. आवाज बंद. आता फोकस हातानं. पुढची रिंग फिरवायची, बस. केसासारखी तार या बोटांनी गुंडाळली आहे, एक वेढा इकडचा तिकडे नाही. यंत्रावर कोण विसंबणार.

२ एप्रिल
फोटो किंचित मऊ येत आहेत. आनंदाबाईचा काढला, भाकरी करताना. तिनं स्क्रीन लांब धरली, जवळ धरली. विचारलं, हे कोण होय.
चुलीचा धूर होता. कारण समजलं. (आम्ही गॅस वापरतो, पण शेजारी चूल आहे.)

१४ एप्रिल, जयंती
वर्ध्यात मिरवणूक. भरपूर सराव. चारशे फोटो. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितले. निळं सगळं आलं आहे, माणसं नाहीत. म्हणजे आहेत, पण पाण्याखाली असल्यासारखी. एका फोटोत एक चेहरा अगदी लख्ख. तो फुगेवाला. मी त्याच्या शेजारच्याचा काढत होतो.
निष्कर्ष: मिरवणूक हलते. लग्नात दोघं उभे राहतात.

१५ एप्रिल
बाजूच्या पानठेल्यावरचं बोलणं दुकानात ऐकू आलं. रुपेशचा दोस्त कोणाला तरी सांगत होता. रुपेश म्हणून राह्यला का ४ मेची दुसरी ऑर्डर घ्यावी का नाई, कारण काकाचा फोन आला तर काय करू. त्यावर दोघं हसले.
मी फोन करणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे मोडता येणार नाही.

२१ एप्रिल
ऑटोवर परत जावं का, असा विचार आला. बटण सरकवलं. गुर्र. तीन वेळा दाबलं, तिन्ही वेळा घासण्याचा आवाज. परत मॅन्युअल. मरणाऱ्या मोटरला लग्नात न्यायचं नाही.
आनंदाबाई म्हणाली, रुपेशले सांगा नं, तुम्ही बी काढा, तो बी काढन. मी म्हणालो, एका म्यानात. ती म्हणाली, एक तलवार तर दिसली पाहिजे.

२६ एप्रिल
चष्मा लावून फोकस. मऊ. चष्मा काढून. मऊ. एक डोळा मिटून, मग दुसरा. मऊ. दुकानातला पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, गिऱ्हाईकाची सबमर्सिबल, सगळं मऊ. दहा फोटोंत एक कधीतरी लागतो, तोही नाकावर लागला तर कान जातो.
दहात एक म्हणजे हजारात शंभर. रुपेश अल्बममध्ये तरी किती लावतो.

३ मे
झोप नाही. दादाचा फोन आला, सगळं ठीक ना. मी म्हणालो, एकदम. आवाज माझाच होता, पण कोरडा चालत होता. मला ऐकू आलं.
एक उपाय सुचला. मागं एका लग्नात पाहिलं होतं, पाहुणे मोबाईल घेऊन पुढं घुसतात आणि फोटोग्राफरला बाजूला करतात. मला हातानं फोकस करायला वेळ आणि मोकळी जागा पाहिजे. ती मिळाली की काम फत्ते. उद्या माईक माझ्या हातात.

४ मे, रविवार
समुद्रपूर. लग्न लागलं. पारा चव्वेचाळीसच्या वर, मांडवात कूलर चार, त्यातला एक आवाज करत होता. बेअरिंग.
सुरुवातीलाच माईकवर सांगितलं. विनंती आहे, कोणीही मोबाईल घेऊन समोर येऊ नये, फोटोची अधिकृत सोय आहे. तरी दोन पोरं आली. त्यांना हाताला धरून बसवलं. वरपक्षाकडच्यांना हात जोडले. स्टेजच्या पायरीवर उभं राहून भेटायला येणाऱ्यांचे मोबाईल खिशात घालायला लावले. मागून ऐकलं, हे काय लग्न होय का परीक्षेचं सेंटर. दुर्लक्ष केलं.
आपली लग्नं लवकर आटोपतात याचा मला अभिमान आहे. वंदना, प्रतिज्ञा, हार, टाळ्या. आज पहिल्यांदा वाटलं, थोडा वेळ तरी लावा. मी रिंग फिरवतो आहे, मयुरीनं हार उचलला. मी आणखी फिरवतो आहे, हार पडला गळ्यात. अश्वजितनं घातला तेव्हा मला घाम पुसायचा होता. दोघांना म्हणालो, एकदा परत घाला. दादानं बघितलं. परत कोणी घातले नाहीत.
एकूण फोटो अकराशे. खटाकचा आवाज मात्र भरदार. वरपक्षाकडचे एक गृहस्थ म्हणाले, कॅमेरा वजनदार दिसते.
घरी जाऊन बघतो.

५ मे
बघितले.

६ मे
पुन्हा बघितले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर.
मागचा बॅनर प्रत्येक फोटोत सुईसारखा आला आहे. मयुरी आणि अश्वजित, तारीख, वेळ, मांडववाल्याचा मोबाईल नंबर. त्याच्या पुढं दोन पांढरट ढग. एका ढगाला मेंदी आहे.
आनंदाबाईनं बघितले. मग म्हणाली, लगन कोनाचं होतं ते तर वाचता येते.

८ मे
नोंदणीसाठी सगळे कागद तयार. फोटो सोडून. दादाला सांगावं लागलं. त्यानं सुपारी पण कातरली नाही. मयुरी आत गेली. भिंतीपलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. असे कान देवानं कोणाला देऊ नयेत, असं लिहिणार होतो, पण आपण देव मानत नाही. मग तक्रार कोणाकडे करायची तेही नाही.

९ मे
नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, कोणाकडे वधूवरांचा हारासकट फोटो असल्यास पाठवावा. आलं ते असं: जेवणाच्या ताटाचे सोळा फोटो. पोरींच्या सेल्फी, त्यातल्या एकीत मागं मयुरी आहे, पण तिला कुत्र्याचे कान लागले आहेत. मोबाईल काढू देत नव्हते, असं लिहिलेले मेसेज नऊ. वरपक्षाकडून फक्त एक अंगठा.

११ मे, रविवार
रुपेशला फोन केला. (१५ एप्रिल बघू नये.)
आला बिचारा. कार्ड बघितलं, फोटो काही दुरुस्त होत नाहीत म्हणाला. मग लेन्स हातात घेतली, बटण ऑटोवर केलं. गुर्र. मी म्हणालो, ऐक, घासते आहे. त्यानं स्वतःच्या बॅगेतून तशीच लेन्स काढली, लावली. गुर्र. तोच आवाज, त्याच जागी. म्हणाला, काका, ही लेन्स अशीच बोलते. नवी बी अशीच, जुनी बी अशीच. मोटर ठणठणीत आहे.
तीस वर्षांत पहिल्यांदा ठणठणीत मोटर बंद पाडली. गिऱ्हाईकाला सांगण्यासारखं नाही.
रुपेश म्हणाला, दोघायले परत हार घालून उभं करा, मी काढून देतो, पाच मिनिटांचं काम. मी दादाकडे घेऊन गेलो. दादा म्हणाला, जे झालं त्याचा फोटो द्या. जे झालं नाही त्याचा सरकारी कागदाले लावाचा नाही. चाळीस वर्षं शाळेची घंटा मिनिटावर दिली त्या माणसानं. अश्वजित म्हणाला, बाबा, होते ना असं. दादा म्हणाला, होत असन. मयुरी बापाच्या बाजूनं उभी राहिली. तिकडे अश्वजितचं तिकीट निघालेलं, तिचं नाही.

१३ मे
डीएसएलआर विकायला काढला. दुकानदार म्हणाला, चौदा देईन. जुना ब्रिज कॅमेरा आहे का विचारलं. कोणी शाळेवाला घेऊन गेला. पोरं चंद्र बघतात म्हणे.
दुकानात एक मोटर आली. गिऱ्हाईकानं विचारलं, आवाजावरून काय वाटते भाऊ. मी म्हणालो, उघडून बघावं लागेल.

१५ मे
तानाबाई आली. आमची धाकटी आत्या, हिंगणघाटला राहते, कानानं पार गेलेली. कानाचं मशीन आहे पण गर्दीत लावत नाही, डोकं दुखते म्हणते. आनंदाबाईला लग्न दाखवायला आली होती. मोबाईलवर. तिची मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला मयुरी बघायची होती, म्हणून हिनं काढून ठेवलं. ग्रुपवर ती नाही. तिच्याकडे फोटो असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.
मी कानाशी जाऊन ओरडून विचारलं, तुले पुढं येऊ कोनं देलं. म्हणाली, काऊन, कोनं मना केलं होतं? माईकवरचं तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिला वाटलं मी भाषण देऊन राह्यलो, म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या.
हार घालतानाचा फोटो आहे. मयुरी हसते आहे, अश्वजित थोडा वाकला आहे, दोघांच्या गळ्यात हार. पापणीचे केस मोजता येतील.
दादाला पाठवला आणि फोन लावला. त्यानं मयुरीला फोन दिला. तिनं ऐकू येईल एवढा श्वास घेतला. नंतर म्हणाली, काका, आत्याआजीले नवं लुगडं घ्याचं.

१९ मे
दादा, मी, दोघं नवराबायको, नोंदणीला गेलो. फोटो चालला. सर्टिफिकेट दुपारी हातात, लगेच कंपनीला पाठवलं. मयुरीचं तिकीट निघालं.
फोटोत उजव्या बाजूला माझी पाठ होती, कॅमेऱ्याच्या पट्ट्यासकट. क्लार्क म्हणाला, एवढा माणूस कापून द्या. बाजूच्या झेरॉक्सवाल्यानं कापून दिला.