डिक्कीत राहिलेलं कार्ड

प्रिय मामी,

माझं सगळं बदललं ते यवतमाळच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीच्या तपासण्यांचं कार्ड कुठं आहे?" आणि तुम्ही पदर सावरत म्हणालात, "माह्या हातून हरवलं, मॅडम. जीपमध्ये राह्यलं असन."

प्रणालीला झटके आल्याचा फोन आला तेव्हा नाही. दोन दिवसांनी आमची तान्ही पोरगी गेली तेव्हाही नाही. तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा. कारण कार्ड माझ्या गाडीच्या डिक्कीत होतं. आणि ते तुम्हाला माहीत होतं!

आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला काहीच म्हटलं नाही. 'अहो, ऐका' एवढ्यावर दोन वर्षं भागवली. आता म्हणतो. उशीर झाला, पण तुमच्याबाबतीत माझं सगळंच उशिरा झालं आहे.

आज लिहायचं कारण असं. प्रणालीला दुसरं बाळ पाहिजे. मी सहा महिने नाही म्हणत होतो. तिनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, मग एका दिवशी मला न विचारता यवतमाळला नवीन डॉक्टरीणबाईंचा नंबर लावून आली. मागच्या आठवड्यात आम्ही गेलतो.

बाई शांत आहेत. म्हणाल्या, पहिल्या वेळी झालं म्हणजे यावेळी होईलच असं नाही, पण होऊ शकतं. ऑपरेशनला दोन वर्षं होत आली, ते बरं. दिवस राहायच्या आधी बीपी, साखर, लघवी, किडनी, सगळं तपासू. मग सुरुवातीच्या महिन्यांतच एक लहान गोळी सुरू करू, घरी बीपीची मशीन ठेवा, बाळंतपण मोठ्याच दवाखान्यात. माझ्या डोक्यात दोन वर्षं जे भूत होतं त्याची त्यांनी सरळ यादी केली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी बीपी नेमका कधीपासून वाढला होता? कार्ड आहे का?"

प्रणाली म्हणाली, "नाही, मॅडम. माह्या आईनं हरवलं." आणि वर म्हणाली, "तिनं नीट ठेवलं असतं तर माही पोरगी आज दोन वर्षांची राह्यली असती."

मी बाजूच्या खुर्चीत बसून होतो. पंख्याकडं पाहत होतो. मामी, मी काहीच बोललो नाही!

तुम्हाला मी कधी आवडलो नसणार. का आवडावं? पुसदला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तुमच्या पोरीकडं पाहून एकानं शिटी मारली, मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्यांनी बोलावलं तर गेलोच नाही, कॉलेजच सोडलं. वर जात वेगळी. रजिस्टर लग्न केलं तेव्हा माझ्या घरच्यांनी दार लावलं आणि तुम्ही ढाणकीहून फोनवर फक्त एवढं विचारलंत, "पोरगं काम काय करते?"

मोटर वायंडिंगच्या दुकानात होतो. अजून तिथंच आहे. जळालेल्या पंपांत नवी तार भरतो.

प्रणालीला दिवस गेले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा दारव्ह्याच्या आमच्या खोलीवर आलात. शेवया, डिंकाचे लाडू, आणि दर महिन्याला वजन करायची अंगणवाडीतली ताकीद. गावातल्या सगळ्या गरोदर पोरींची नावं तुम्हाला महिन्यांसकट पाठ. मदतनीस तुम्ही, पण सेविकाबाई रजेवर गेल्या तरी कुणाला कळायचं नाही, असं प्रणाली सांगायची. तेव्हा अभिमानानं सांगायची.

सातवा महिना संपता संपता तुम्ही तिला न्यायला आलात. पहिलं बाळंतपण माहेरी! मी म्हटलं, इथं काय वाईट आहे? तुम्ही म्हणालात, "जावईबापू, पहिलं मायजवळच होते. आमच्यात बी तसंच हाय, तुमच्यात बी."

मला चार दिवस तिच्याशिवाय राहवत नव्हतं आणि तुम्ही तीन महिन्यांची भाषा करत होतात. माझं डोकं गेलं. काय काय बोललो ते लिहीत नाही, तुम्ही ऐकलेलंच आहे.

तुम्ही बॅग भरताना आतून आवाज दिला, "कार्ड ठेवलं काय हो?"

मी गाडीवर बसलेला. म्हटलं, "ठेवलं."

नव्हतं ठेवलं. आदल्या दिवशी तपासणीहून येताना डिक्कीत टाकलं होतं, तिथंच होतं. त्या दिवशी प्रणाली वजन करायला गेली तेव्हा नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बीपी वाढला आहे, लघवी तपासायची आहे, आठ दिवसांत परत आणा. आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला होता. मी प्रणालीला सांगितलं नाही. घाबरेल म्हणून, आणि सांगितलं तर तुम्ही लगेच न्याल म्हणून. मला वाटलं, कार्ड माझ्याकडं राहिलं तर तिला आठ दिवसांत परत यावं लागेल. माझं डोकं एवढंच चाललं. बाकी कुणाचं नसतं चाललं असं, पण माझं चाललं.

चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. मागं पोरं ओरडत होती, म्हणजे अंगणवाडीतूनच होता.

"जावईबापू, कार्ड तिकडंच राह्यलं वाटते. पाहा बरं."

"हाय माह्याजवळ. मंग?"

"मंग काय? जीपवाल्याजवळ द्या धाडून."

"मी काय पोस्टमन हाव काय? पाह्यजे असन तं तिले पाठवा, घेऊन जाईन."

तुम्ही हसलात. "अजी, आठव्या महिन्याची बाई कार्डासाठी इतक्या दूर येते काय? काहून असं करून राह्यले?"

मी फोन कापला.

तुम्ही तिला यातलं काही सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव खराब होईल म्हणून? तुमच्या गावच्या उपकेंद्रात नवीन कार्ड केलंत. त्यावरचा पहिलाच आकडा वरचा होता. तिथल्या बाईंनी विचारलं, आधी किती राहत होता? प्रणाली म्हणाली, बरोबरच होता. मग उन्हातून चालत आल्यामुळं असेल, पुढच्या आठवड्यात परत बघू, असं ठरलं. जुना लाल गोल समोर असता तर असं ठरलं असतं का?

पुढचा आठवडा आलाच नाही. आधी डोकं दुखलं, पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी. मग झटके. पुसद, तिथून यवतमाळ. मी पोचलो तेव्हा ऑपरेशन करून तिला अतिदक्षता विभागात नेलं होतं. मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडलो, "तुमच्याच घरी झालं हे! आणखी न्या माहेरी!" तुमच्या जाऊबाई होत्या, शेजारचे होते. आणि मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी कार्ड विचारलं.

त्या जाऊबाई लगेच म्हणाल्या ते आठवतं ना? "गावच्या पोरींचे कार्ड नंबरानं लावून ठेवते, आन पोटच्या पोरीचं हरवते! वा!"

ते वाक्य ढाणकीत तुमच्याआधी पोचलं. त्यानंतर बाया आपलं कार्ड तुमच्या हाती द्यायच्या नाहीत, सेविकाबाईंनाच पाहिजे म्हणायच्या. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

पोरीला मातीत ठेवून आलो त्या दिवशी मी तुम्हाला दवाखान्याच्या नळाजवळ गाठलं. विचारलं, खोटं काहून बोलले? तुम्ही डबा घासत होतात. वर पाहिलं नाही.

"तिले आता कोणावर तरी राग काढा लागन. माह्यावर काढू द्या. मी माय हाव, कुठं जातो? तुमच्यावर काढला तं ते पोरगी राह्यन कोणापाशी?"

"पण..."

"पण काय? डबा धरा. सांडून राह्यलं."

मी डबा धरला. एवढंच केलं.

आणि मग तुम्हीच गेलात की, मामी! सकाळी अंगणवाडीचं कुलूप काढताना छातीत कळ आली म्हणे. 'मी कुठं जातो' म्हणालात आणि वर्षही थांबला नाहीत. हे काही बरोबर केलं नाही तुम्ही. तुमच्या पुण्यानुमोदनाला प्रणाली आली, दोनशे माणसांच्या पोळ्या लाटल्या, तुमच्या फोटोला फूल मात्र वाहिलं नाही. लोकांना वाटलं, कामात राहून गेलं. मला माहीत होतं काय राहून गेलं ते. तुमचा फोटो आमच्याकडं कपाटात आहे, साड्यांच्या खाली. तो तिथं माझ्यामुळं आहे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. जळालेली मोटर खोलली की तारेचे जुने वेढे आधी मोजायचे, वहीत लिहायचे, मगच तार कापायची. न मोजता कापली तर नवीन भरलेली मोटर चार दिवसांत परत जळते. पहिल्याच आठवड्यात मालकानं हे शिकवलं, तेव्हापासून माझी एकही मोटर परत आली नाही. आणि घरी मी दोन वर्षं मोजलेला आकडा तारेच्या डब्यात लपवून ठेवला. डिक्कीतून काढून दुकानातल्या डब्यात, एवढाच त्याचा प्रवास.

काल संध्याकाळी ते घरी आणलं. कोपऱ्यावर वार्निशचा डाग आहे. लाल गोल अजून लाल आहे.

प्रणालीला वाटतं मी बाळाला घाबरतो म्हणून नाही म्हणत होतो. तिला परत काही झालं तर, याची भीती आहेच. पण खरी भीती या कागदाची होती. दुसरं बाळ म्हटलं की पहिल्याचं कार्ड निघणार, हे मला तिच्याआधी कळलं होतं.

मला वाटायचं, मला तिच्यावाचून जगता येत नाही, हेच माझं प्रेम. ते तसं असेलही. पण त्याच प्रेमानं कार्ड दाबून ठेवलं. तुम्ही तिच्या शिव्या खाऊन तिला माझ्याजवळ ठेवलं. दोन्हीत फरक आहे, एवढं मला आता दिसतं.

आज परत यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडं जायचं आहे. ती बाहेर चप्पल घालून उभी आहे. "येता का कसं? जीप भरून राह्यली असन." मी म्हटलं, आलो.

तेव्हा वचन देतो, मामी. जीपमध्ये बसायच्या आधी सांगीन, रस्त्यावरच, स्टँडच्या अलीकडं. फोनसकट, 'ठेवलं' म्हटलं त्यासकट, नळाजवळच्या डब्यासकट. कार्ड तिच्या हातात देईन आणि परत घेणार नाही. डॉक्टरीणबाईंना तीच दाखवेल. दुसरं बाळ पाहिजे की नाही, पाहिजे तर माझं पाहिजे की नाही, तीच ठरवेल. ती तिथूनच ढाणकीच्या रस्त्याला लागली तर मी आडवा होणार नाही, ओरडणार नाही. ओरडणार नाही हे सगळ्यात अवघड आहे, तुम्हाला माहीत आहे.

तुमचा फोटो साड्यांखालून काढून टेबलावर ठेवला आहे. ही चिठ्ठी त्याच्याखाली ठेवतो. कार्ड घेतलं. आता बाहेर पडतो आणि दार लावतो.

तुमचा जावई,
धीरज