आपण दिलेली बकरी आणि माझी वैद्यकी

मु. कळमगाव, सिंदेवाहीजवळ
श्रावण वद्य चतुर्थी, शके १८७७

श्रीमान व्याहीबुवा डोमाजीभाऊ यांस गुणवंतराव मास्तरचा दोन्ही हात जोडून रामराम.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. (हे वाक्य तीस वर्षे शाळेत पोरांना पत्राच्या आरंभी घालायला शिकवले, म्हणून हात आपोआप लिहितो. पुढचे ऐकल्यावर ते मनावर घेऊ नये.) पावसाळ्यात आपला गुडघा धरतो असे कळले होते, आता कसा आहे? चामोर्शीकडे धानाची रोवणी आटोपली असेल. आमच्या दोन बांध्या राहिल्या आहेत. विहीणबाईंना आमच्या रुखमाबाईचा नमस्कार सांगावा.

पत्रास कारण, मागच्या श्रावणात आपण आमच्या सूनबाई रंभासोबत पाठवलेली कबरी बकरी. तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवतो. व्याह्याने दिलेल्या जनावराची तक्रार करण्याइतका मी अडाणी नाही. बकरी दूध भरपूर देते आणि स्वभावाने गरीब आहे. (माझे पंचांग तिने खाल्ले, पण ते मागच्या सालचे होते.) फक्त ती अधूनमधून लंगडते. दिवाळीला रंभा महिनाभर आपल्याकडे आली तेव्हा बकरी पहिल्यांदा लंगडली. मी पाय मांडीवर घेऊन तासभर काटा शोधला. तासाभराने रुखमाबाईने दाखवून दिले की बकरी उजव्या पायाने लंगडते आणि मी डावा धरून बसलो आहे. (समोरून पाहिले की उजवेडावे उलटते. भूगोल शिकवलेल्या माणसाला हे सुचायला हवे होते.) उजव्यातही काटा निघाला नाही, तेव्हा हा वात आहे असे निदान करून मी सांध्यावर बिब्ब्याचा चटका दिला. पंधरा दिवस काही फरक नाही. मग रंभा परत आली, आणि चौथ्या दिवशी बकरी नीट चालू लागली. मी वहीत लिहिले : बिब्बा, गुण उशिरा, पण हमखास.

फाल्गुनात रंभा भावाच्या लग्नाला आली आणि इकडे बकरी पुन्हा लंगडली. या खेपेस ती पुढचे गुडघे टेकून चारा खाऊ लागली. हाड सरकले असे ठरवून मी तिला बांबूच्या कामट्या बांधल्या, त्यामुळे बिचारीला गुडघेही टेकता येईनात. रंभा आली, कामट्या सुटल्या (कोणी सोडल्या ते मी विचारले नाही), पाचव्या दिवशी बकरी चालू लागली. वहीत दुसरे औषध चढले. आजूबाजूच्या गावांत माझे नाव झाले. तीन जणांनी आपल्या लंगड्या बकऱ्या आणल्या. त्या बऱ्या झाल्या नाहीत, कारण मालकांनी पथ्य पाळले नाही, असे मी माझ्यापुरते ठरवले.

आता आषाढातली गोष्ट. ती आपल्या कानी गेली असेलच, पण माझ्या तोंडूनही ऐकावी. मी बाहेरून आलो तर अंगणात रंभा बकरीचा पाय मांडीवर घेऊन बसलेली, हातात विळा, भोवती खुरांचे तुकडे. शेजारच्या चार बाया पाणी घेऊन जात होत्या. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "तूच बकरी लंगडी करून राह्यली! म्हणूनच माह्या औषधाचा गुण टिकत नाई!" सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडू नये ही आपल्याकडची रीत, आणि आमची सून ती फार पाळते म्हणून मी चारचौघांत मिरवत असे. तेव्हाही तिने ती पाळली. दोन खुरांचे काम झाले होते, दोनांचे राहिले होते. विळा वळचणीला खोचून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आखाडीच्या सणासाठी माहेरी न्यायला आला.

आखाडी सरली. आमचा मुलगा वारलू बायकोला आणायला नदी ओलांडून आपल्याकडे आला आणि एकटाच परतला. रंभाचा निरोप एवढाच : "मामाजीच्या औषधानं बकरी चालली का सांगा, मी येतो."

तेव्हापासून मी बकरीला हळद लावली, एरंडाचे तेल चोळले, बिब्बा आणि कामट्या दोन्ही एकदम केले. ती तीन पायांवर आली. वारलू माझ्याशी बोलत नाही. बकरीशी बोलतो, मला ऐकू येईल असे.

शेवटी गावच्या बकऱ्या राखणारा जंगू आला. त्याने खूर उलटा करून थेट माझ्या नाकाशी धरला. वास असा की वैद्यकी तिथेच सुटली. म्हणाला, "गुरुजी, रानातली बकरी गोट्यावर खूर घासते. तुमची बांधून राह्यते. नखी वाढते, आत वळते, चिखल बसते, सडते. महिन्याच्या महिन्याले कापा लागते. आतापावेतो कोण कापत होतं?"

मी रुखमाबाईकडे पाहिले.

"रंभाच कापे," ती म्हणाली. "मले पहिल्यापासून ठाव हाय."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमचं औषध चालू होतं नं!"

वही मी चुलीत घातली. बकरीचे हाल पाहवत नाहीत, एवढेच कळवतो. थोरामोठ्यांस नमस्कार, लेकराबाळांस आशीर्वाद.

आपला,
गुणवंतराव

ता. क. : पूर ओसरला की वारलू बैलबंडी घेऊन नदीच्या घाटावर येईल. रंभाला पाठवावे. बकरीला तिची गरज आहे.

आणखी ता. क. : वरील मजकूर रुखमाबाईला वाचून दाखवला. ती म्हणते, खरे लिहा. तर जंगूने आठ दिवसांपूर्वी राहिलेले दोन खूर कापून दिले, मोरचुदाच्या पाण्याने धुतले, आणि बकरी कालपासून उड्या मारते. त्यातला चौथा खूर आधी मी स्वतः कापायला घेतला होता. विळा निसटून माझ्या पायाच्या अंगठ्यात गेला. सध्या घरात लंगडतो तो मीच. स्वतः न येता पत्र पाठवण्याचे कारण हेच.

शेवटचे : अंगठा हे खरे कारण नाही. काठी घेऊन मी आपल्या दारापर्यंत सहज येईन. पण समोर आलो तर रंभा पदर ओढून आत जाईल, आणि मी आपल्याशी पावसापाण्याचे बोलून परत येईन. आपल्या घरी आलेले पत्र रंभाच मोठ्याने वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे, डोमाजीभाऊ. म्हणून तर एवढे लांबवले. आता तिने खालची ओळ न गाळता वाचावी, आणि विहीणबाई दुसऱ्या खोलीत असतील तर पुन्हा एकदा, जरा मोठ्याने :

बकरी रंभाच्या हाताने बरी होत होती, आणि मामाजी चार बायांसमोर चुकले.