पाच सुया, दोन हात

८ नोव्हेंबर, पहाटे
जाग आली ती कवितेच्या आवाजाने. म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वीच्या. मुलींचा वर्ग भिंतीपलीकडे होता. तिकडे सगळ्या मिळून कविता म्हणत, आणि चाळीस आवाजांच्या वर माझ्या ताईचा आवाज, चालीच्या किंचित पुढे धावणारा. मी इकडे गणित सोडून ऐकत बसायचो आणि पट्टी खायचो.
त्या ताईला आता स्वतःच्या दारावरची बेल ऐकू येत नाही. काल अर्धा तास बाहेर उभा राहून परत आलो. वैतागून भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मामा, महिनाअखेरपर्यंत काही सोय झाली नाही तर आईला मी इकडे घेऊन येतो.
सोय मी करतोच आहे. बेल दाबली की आत दिवा लुकलुकेल. सर्किट बोर्ड स्वतः डिझाइन केलाय, पाच नग करायला टाकलेत. आज येतील. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काही उगाच नाही काढली. संध्याकाळी दिवा ताईच्या भिंतीवर.

८ नोव्हेंबर, दुपार
बोर्ड आले. हिरवेगार, नेटके. चिप बसवूनच आली आहे, पण ती कोरी असते. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम तिच्यात उतरवायला प्रोग्रॅमर नावाची डबी लागते, आणि त्या डबीच्या पाच तारा बोर्डाला जोडाव्या लागतात. लेक म्हणाली होती, बाबा, त्यासाठी पाच पिना ठेवा हं. मी शेवटच्या क्षणी काढून टाकल्या. कवितेत भरीचे शब्द असतात तशा दिसत होत्या.
किरकोळ बाब. तारा थेट चिपच्या पायांना सोल्डर करीन.

१० नोव्हेंबर
चिपचे पाय फार जवळ जवळ. कथील वितळून दोन पायांचा एक झाला. बोर्ड नंबर एक गेला. बायको म्हणते, तुमचा हात थरथरतो. टेबल हलतं.
ताईकडे गेलो नाही. एरवी रोज पाचला जातो, एक कविता म्हणतो. ती ओठांवरून वाचते आणि चुका काढते. आता दिवा घेऊनच जायचं. निर्धार.

१३ नोव्हेंबर
नंबर दोन. कुठली तार कुठे लावायची तो नकाशा बोर्डाच्या मागच्या बाजूने काढला गेला होता, त्यामुळे लाल तार काळीच्या जागी. धूर.
बायको म्हणाली, ताईंच्या कामवालीकडे किल्ली आहे, तशी तुम्हीही एक करून घ्या, चावीवाला दहा मिनिटांत देतो. बहिणीच्या घरात चोरासारखं शिरू? बायकोला दृष्टीच नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळी ६
सुचलं. शिवणाच्या सुया, दोन खोडरबरांत खोचलेल्या. एकात तीन, दुसऱ्यात दोन. प्रत्येकीला एक तार. चिपच्या दोन्ही बाजूंना टेकवायच्या, लॅपटॉपवर एंटर दाबायचं, झालं.

सकाळी ११
दोन्ही हात सुयांवर. एंटर कोण दाबणार?

११.४०
नाकाने. चष्मा बोर्डावर.

१२.१०
लॅपटॉप फरशीवर ठेवून पायाच्या अंगठ्याने. भलतंच काहीतरी उघडलं. कंबर धरली.

१९ नोव्हेंबर
बायकोला बसवलं. मी दाब म्हणण्याआधीच दाबते. नाहीतर दाब म्हटल्यावर काय म्हणालात असं विचारते, तेवढ्यात सुई सरकते. अकरा वेळा स्क्रीनवर आलं, चिप सापडली नाही. बाराव्या वेळी ती उठली. म्हणाली, चिपचं राहू दे, बहीण सापडते का बघा, बारा दिवस झाले.
बोलणं बंद. माझ्याही बाजूने.

२२ नोव्हेंबर
लेक म्हणाली, कुरिअर करा, मी एका संध्याकाळीत करून पाठवते. नको म्हटलं. निबंध दुसऱ्याकडून लिहून घेणारी मुलं वर्गात होती, मी त्यांतला नव्हतो.
भाच्याला कळवलं, दिवा जवळजवळ तयार आहे. तो म्हणाला, मामा, हे आईला सांगितलंत का? सांगेन की. दिवा घेऊन.

२५ नोव्हेंबर
बोर्ड दोन उरले. कारण लिहीत नाही.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ
नोंद नीट करायला हवी.
पाचच्या सुमारास बसलो. बायको खाली गेलेली, दार नुसतं लोटलेलं. नीट दिसावं म्हणून टॉर्च दातांत धरला. तीन सुया टेकल्या. चौथी. आणि पाचवी. डबीवरचा दिवा प्रथमच हिरवा झाला. चिप सापडली होती. आता फक्त एंटर. श्वास रोखून तसाच बसलो.
तेवढ्यात दार उघडलं आणि ताई. सहा वर्षांत आमचे तीन जिने चढली नव्हती.
धाप लागली होती. म्हणाली, आजारी पडलास की काय ते बघायला आले. तोंडात टॉर्च, त्यामुळे तिला ओठ वाचायचीही सोय नव्हती. मी हनुवटीने एंटर दाखवलं.
ती म्हणाली, तुला त्या दिवशी बाहेर ताटकळावं लागलं, कामवालीने सांगितलं. तेव्हापासून रोज पाचला दार उघडं ठेवून बसत होते. एकवीस दिवस. मग काल मुलाला हो म्हणून टाकलं. परवा नेतोय.
मी पुन्हा एंटर दाखवलं. मान वर-खाली, वर-खाली, टॉर्चचा उजेड तिच्या तोंडावर.
ती मग म्हणाली, तुलाही तेच बरं वाटतंय तर. मला वाटलं होतं, तू तरी नको म्हणशील.
हात सोडायला हवे होते. पण पाचवी सुई नुकतीच टेकली होती.