मोरचुदाची खळ

२ मार्च, सोमवार

मागच्या खोलीत स्टोव्हवर खळ शिजतेय, कौसल्या ढवळतेय. मी डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडणार तोच तिने माझ्या मनगटावर चापट मारली. "बाई, बोटं बगा की! मोरचूद पोटात गेला म्हंजे?" मोरचूद विषारी, आणि बोटं त्याने निळी झाली होती. मग हौदावर दोघींनी राखेने हात घासले आणि एकाच डब्यात जेवलो. अंबाडीची भाजी. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधते ती एकटी. खळीत मोरचूद नसला तर झुरळं बांधणी खातात, हे मला तिनेच शिकवलं.

आज ते आठवलं कारण नव्या यंत्राच्या पाळण्यात, म्हणजे चार्जिंगच्या बैठकीत, दिवा लागला, अगदी त्याच निळ्या रंगाचा.

सचिवांनी खोकं टेबलावर आदळलं. "बाई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. पुस्तिका इंग्रजीत आहे, तुम्हालाच जमेल." कॉन्व्हेंट हा शब्द ते असा उच्चारतात जणू तिथून मी काही उचलून आणलंय. स्कॅनर म्हणे, पण हातात मावणारा अख्खा संगणकच. पडदा, बटणं, खाली बंदुकीसारखा घोडा. हुकूम असा: प्रत्येक पुस्तकाच्या लेबलावरच्या रेघा याने वाचायच्या. ३१ तारखेपर्यंत जे पुस्तक वाचलं जाणार नाही ते निर्लेखित. म्हणजे रद्दीत. संस्थेचा ठराव झालाय.

ग्रंथपाल मी. ठरावाला मला बोलावलं नव्हतं.

४ मार्च, बुधवार

सकाळ फुकट. बॅटरीवरची पिवळी पट्टी ओढून काढायची राहिली होती म्हणून चार्जच होईना. माझी चूक, कबूल.

पुस्तिकेत पानंच्या पानं रेघांची. ज्या रेघा वाचायला द्याव्या त्याप्रमाणे यंत्र आपल्यात बदल करून घेतं. मी नेम धरला एकीवर, वाचली शेजारची, आणि यंत्र मुकं झालं. टिक म्हणेना. मदतीच्या नंबरावरचा माणूस सभ्य निघाला. "मॅडम, बाकीचे बारकोड झाकून ठेवा, पाहिजे तेवढाच उघडा." तालिकेची जुनी कार्डं आजूबाजूला ठेवली. बोललं परत. मग कळलं त्याची तारीख कित्येक वर्षं मागची आहे. तीही दुरुस्त केली. बटणं इतकी बारीक की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबावी लागतात.

कौ. बघायला आली. घोडा दाबला, भिंतीवर लाल उजेड पडला, दचकून मागे सरली. "ही मशीन हाय का फौजदार? ज्याला त्याला इचारायलीय, तुजा नंबर काय." मग स्वतःच्याच कपाळावर धरून म्हणाली, "माजा तर कायबी नंबर आला न्हाई, बाई."

खूप हसलो.

५ मार्च, गुरुवार

नवी पुस्तकं. टिक, टिक, टिक. दुपारपर्यंत दोन कपाटं. खरं लिहायचं तर मजा आली. पडद्यावर पुस्तकाचं नाव आपोआप उमटतं. स. येऊन "वा" म्हणून गेले.

९ मार्च, सोमवार

जुनी तीन कपाटं उघडली. कौ.ची कपाटं म्हणते मी त्यांना. आतलं एकूण एक पुस्तक तिच्या हातचं: कापडी पाठ, जाड पुठ्ठा, शिलाई अशी की पान ओढलं तर पान फाटेल, दोरा तुटणार नाही.

एकही वाचलं गेलं नाही. लेबल जागेवर, रेघा स्पष्ट, खालचा आकडा माझ्या चष्म्यालासुद्धा दिसतो. यंत्राला दिसत नाही. आडवं धरलं, उभं धरलं, लांबून, जवळून. घोडा दाबून बोट सुजलं. प

पुढचं लिहायचं राहिलं, स. आले होते. "झालं का?" नाही झालं.

१० मार्च, मंगळवार

मदतीचा माणूस म्हणाला, लेबल खराब असेल, नवं लावा. स.ना नवी लेबलं मागितली. "पुढचा रोल एप्रिलमध्ये."

पुस्तकं मरणार ३१ मार्चला, औषध येणार एप्रिलमध्ये!

तोच माणूस म्हणाला होता, नाहीतर आकडा बटणांनी टाका, यंत्र घेतं. घेतलं की! पेन्सिलीच्या टोकाने एकेक आकडा. संध्याकाळपर्यंत अर्धं कपाट.

१२ मार्च, गुरुवार

हाताने टाकलेलं चालणार नाही म्हणे. "बाई, हाताने तर घरी बसूनही टाकता येईल. स्कॅनच पाहिजे."

मी म्हटलं, "घरी बसून मी काय करीन, नसलेली पुस्तकं जन्माला घालीन?"

हसले. दोन दिवसांचं काम माझ्यासमोर पुसलं. त्या यंत्रात पुसायला एकच बटण लागतं.

पुस्तक माझ्या हातात आहे. वजन आहे, वास आहे, आतल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आहे. तरी ते आहे हे मी सांगून पुरत नाही. बत्तीस वर्षांच्या माझ्या शब्दाला त्या लाल दिव्याएवढी किंमत नाही. संताप, संताप.

१३ मार्च, शुक्रवार

सभा. कौ.ला मुद्दाम बोलावून दाराजवळ उभं केलं. खुर्च्या होत्या.

स. म्हणाले, "लेबलावर खळ फासायला कुणी सांगितलं होतं? स्टिकर स्वतः चिकटतो. अडाणी कारभार! तीन कपाटं वाया घालवली हिने."

कौ.ने माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. वाटलं नंतर नीट लेखी सांगू. म्हणजे काय, ते माझं मलाच

ती निघून गेली. चप्पल हातातच घेऊन गेली.

१६ मार्च, सोमवार

झोप नीट नाही तीन दिवस. सांगितलं कोणी होतं? मी. गेल्या मे महिन्यात लेबलं आली तेव्हा कापडी पुठ्ठ्यावर टिकेनात, उन्हाने कडा वळून खाली पडायची. मीच म्हटलं, कौसल्या, खाली-वर खळीचा हात फिरव. पहिल्या खेपेची लेबलं झुरळांनी खाल्ली. तेव्हाही मीच म्हटलं, मोरचूद जास्त घाल. ती म्हणाली होती, "बाई, निळं पडंल." मी म्हटलं, पडू दे, रेघा तर दिसतात.

आज दुपारी एक लेबल उन्हात धरून पाहत होते. पांढरी जागा पांढरी नाहीच, निळी आहे. आणि एकदम शाळेची प्रयोगशाळा आठवली. सिस्टर माझ्या डोळ्यांवर लाल जिलेटिन कागद धरून विचारत, आता निळी शाई कशी दिसते? काळी, सिस्टर.

मिठाईच्या खोक्यावरचा लाल कागद शोधून काढला. त्यातून लेबल पाहिलं. निळं सगळं काळवंडलं, रेघा त्यात बुडाल्या. यंत्राचा उजेड लालच. त्याला रेघा आणि मधली जागा सारखीच काळी.

म्हणजे पुस्तकं शाबूत, बांधणी शाबूत, लेबलसुद्धा शाबूत. चूक फक्त रंगाची, आणि ती माझी.

ओल्या कापसाने एक पुसून पाहिलं. निळं गेलं, त्याबरोबर रेघाही गेल्या.

१७ मार्च, मंगळवार

लेखी दिलं. खळ लावायला मी सांगितलं, मोरचूद वाढवायला मी सांगितलं, कौसल्याबाईंनी आधी सावध केलं होतं. कारण समजावलं, लाल कागदही टाचणीने जोडला. नव्या लेबलांपर्यंत मुदत मागितली.

स.नी लाल कागद डोळ्यावर न धरताच अर्ज बाजूला ठेवला. "कारण काही का असेना बाई, रिझल्ट काय? नाही वाचलं. ठराव ठराव आहे." मग समजुतीच्या सुरात, "जुनाट पुस्तकं ती. कोण वाचतं?"

कोण वाचतं! प्रत्येकाच्या मागच्या खिशात कार्ड आहे, त्यावर वाचणाऱ्यांची नावं आहेत. काही कार्डांना तर दुसरं कार्ड जोडावं लागलंय. ते उघडून बघायला घोडा दाबावा लागत नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

वाचनालय बंद. कौ.कडे गेले. जयभीम म्हणाली, पाणी दिलं, बसा म्हणाली. एवढं साधं वागली की मला रडू आलं.

"आता कावून रडता? सबेत गप कावून बसल्या ते सांगा."

भ्याले, एवढंच म्हटलं.

"माजा बाप गेवराईच्या छापखान्यात उबं राहून बांधणी शिकला. खुर्ची न्हवती तवाबी. मला खुर्चीचं कायबी न्हाई. पण बत्तीस वर्षांत येक पान तरी सुटलंय का माज्या हातनं? अडाणी म्हनले मला, अन् तुमी वही बगत व्हत्या."

मी वहीच पाहत होते. तिला तेही दिसलं होतं.

लेखी दिल्याचं सांगितलं. "कागुद दिलाव व्हय," एवढंच म्हणाली. दारापर्यंत आली. वाचनालयात येशील का विचारलं तर म्हणाली, "लई दिस झाले, गुडगे दुखायलेत." गुडघे तिचे दहा वर्षं दुखताहेत.

२३ मार्च, सोमवार

स.ना पुन्हा भेटले. अध्यक्षांना फोन केला, ते म्हणाले सचिवांशी बोला. टेम्पो ठरला: ३१ला सकाळी अकरा. गाठोडी बांधून ठेवायला मला सांगितलंय. मी बांधू!

२७ मार्च, शुक्रवार

सगळं यंत्रात शिरल्यावर स.नी आज यादी छापून आणली. "वाचनालयातील एकूण साठा." त्यात ती तीन कपाटं नाहीत. रद्दीच्या यादीतही नावं नाहीत, नुसतं "तीन कपाटे, वजनावर". मी विचारलं, नावं? म्हणाले, यंत्रात नाहीत तर नावं कुठून येणार.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. यादीत नाहीत. म्हणजे वाचनालयाची नाहीत. म्हणजे उद्या मी एक पुस्तक कोणाला दिलं तर वाचनालयातून काय गेलं? काहीच नाही.

आणि कार्डं माझ्याकडे आहेत. शिक्का माझ्याकडे आहे.

२९ मार्च, रविवार

जुन्या वाचकांना फोन करतेय, परवा सकाळी सातला या, पुस्तकं घेऊन जा. शेखचाचा म्हणाले, "बाईसाब, सात बजे? मैं छे बजेच आता." कौ.ने पहिल्या दोन वेळा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. सगळं सांगितलं. मग, "मशीनीला न्हाई दिसत म्हून वाटायलाव?" हो म्हटलं. "अन् नाव कुनाचं येईल, इचारलं तर?" माझं, म्हटलं, एकटीचं. या वेळी कागदावर नाही, तोंडाने. स.च्या समोर. तू दाराशी नसलीस तरी.

"बगते," म्हणाली.

३० मार्च, सोमवार

कपाटांवरून शेवटचा हात फिरवला. उद्या सातला दार उघडायचं, अकराच्या आत संपवायचं. कार्डावर तारीख टाकायची, परत करण्याची जागा कोरी ठेवायची. अकराला स. येतील तेव्हा रिकाम्या कपाटांपाशी मीच उभी राहीन. पुढे काय होईल ते होईल. घाईत विसरेन म्हणून लिहून ठेवते.

नकाशांचं मोठं पुस्तक: शेखचाचांना. जन्मभर एस.टी.चे वाहक, दर शनिवारी येऊन बोटाने रस्ते फिरतात. जड आहे, रिक्षा करून द्यायची.

शिवणकामाचं, कापडी पाठीचं: बाजारातल्या रुक्मिणबाईंना. बाह्यांच्या मापाचं पान त्यांनीच दुमडलंय, मी कधी बोलले नाही.

बाळंतपणाचं आणि बालरोगाचं: धर्मापुरीला बदलून गेलेल्या नर्सबाईंना. परळीच्या गाडीत वाहकाकडे द्यायचं, त्या स्टँडवर येतील.

उर्दू-मराठी कोश, दोन्ही भाग: कोर्टाजवळच्या जुन्या अर्जनवीसांना. दोन्ही एकत्रच. भाग तोडायचे नाहीत.

बाकी सगळी: कार्डावर शेवटचं नाव ज्याचं, त्याला. तो माणूस हयात नसेल तर त्याच्या घरात जो वाचतो त्याला. वाचणारं कोणीच नसेल तर माझ्याकडे, पुढच्या खोलीतला पलंग हलवीन.

बुद्धाच्या गोष्टींचं, मोठ्या टाइपातलं: कौ.ला. तीनदा बांधलंय तिने ते, आणि एकदाही घरी नेलं नाही. बांधलेलं पुस्तक नेणं तिला बरं वाटत नसे. आज कार्डं चाळली तेव्हा लक्षात आलं, एकाही कार्डावर तिचं नाव नाही. या कार्डावर आत्ताच लिहिलंय, पूर्ण नाव, शाईने.

यंत्र: सचिवांना. पूर्ण चार्ज करून, पाळण्यात, पुस्तिकेसकट. टिक चालू आहे.

बांधणीची सुई, घड्या दाबायची हाडाची पट्टी, मोरचुदाचा डबा, मागच्या खोलीची किल्ली: कौ.ला, आली तर. टेबलावर ठेवायची नाही. हातात द्यायची.