लाल काठाचे मोजे

पादोवा, रविवार

अग्रिपिनाताईस,
धाकट्या झिनोवियाचं खूप प्रेम. मी बरी आहे, वेळेवर जेवते, काळजी करू नकोस.

गावाकडून येणाऱ्या मिनीबसने तुझं पार्सल पोचलं. मुरंबा लपवून ठेवलाय. मी इथे पगारावर जिला सांभाळते ती एर्सिलिया आजी दिसेल ते तोंडात घालते. परवा साबण चावला आणि वर मलाच दटावलं, "कोण गं तू? माझ्या घरात काय चोरतेस?"

तिची लेक सांगते, नवरा गेल्यावर आजीने दार लावून घेतलं. ऐकू येईना तशी माणसं टाळली, रक्तदाबाची गोळी सोडली. "वय झालं म्हणून आम्हीही सोडून दिलं," म्हणते. हे वेळीच सांभाळलं असतं तर हा विसरण्याचा आजार टळलाच असता असं नाही, पण धोका कमी झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

तूही भावजी गेल्यापासून चर्चमध्ये गायला जात नाहीस. गोळी तरी घेतेस ना? "विधवेला कशाला कानाचं यंत्र," म्हणालीस तरी पाठवतेय. मुकाट्याने कानात घाल, हट्टी कुठली! आणि माझ्या लेकीला, औरिकाला, सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

मोजे सुंदर विणलेस. मिनीबसचा ड्रायव्हर म्हणाला, "ताईंनी औरिकासाठी दिलेत. तिकडे तिला थंडी वाजत असेल म्हणाल्या."

ताई, औरिका तुझ्याच घरी आहे. लहानपणापासून तूच वाढवलीस तिला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे.

मोजे माझ्या तळहातावर मावतात.

लवकर डॉक्टरकडे जा गं.
तुझीच,
झिनोविया