उलटं फिरलेलं चाक

बाबा, परवा नोएडात आमच्या टेस्टिंग शेडमध्ये एक नवी गाडी लिफ्टवर चढवली होती. गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहून मी मागचं डावं चाक हाताने फिरवलं, तर उजवं उलट्या दिशेने फिरलं. कागदावर मात्र लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल लिहिलेलं, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरायला हवी होती. गाडी कोरी, तेव्हा आतल्या प्लेटा झिजल्या असंही म्हणता येईना.

हे तुम्ही शिकवलंत तेव्हा मी आठवीत होते. सरकारी खात्याच्या वर्कशॉपात तुम्ही फोरमन. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून एका रविवारी मला स्कूटरवर बसवून तिथे नेलंत. डोंगरातल्या पोस्टिंगसाठी नव्या जीप आल्या आहेत. एकीची मागची दोन्ही चाकं उचलून, खाली स्टँड लावून तुम्ही म्हणता, "फिरव." मी फिरवते, पलीकडचं चाक उलटं जातं आणि तुमचा चेहरा उतरतो. मग शेजारची जुनी जीप. तिची दोन्ही चाकं एकाच दिशेने जातात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक बर्फावर घसरलं की तेच गरगरत राहतं, घट्ट जमिनीवरचं दुसरं नुसतं उभं, असं तुम्ही समजावलंत. ते टाळणारा, कागदावर ठरलेला भाग नव्या जीपमध्ये बसवलाच नव्हता.

त्या जीप पास करायच्या कागदावर तुम्ही सही नाकारलीत आणि महिन्याभरात तुमची जोधपूरला बदली झाली. आईची नोकरी दिल्लीत, म्हणून चार वर्षं तुम्ही एकटे राहिलात. निघायच्या सकाळी आई स्वयंपाकघरात तुमच्यासाठी दशम्या बांधत होती. मी रागाने विचारलं, "एक सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "त्या जीपमध्ये कुणीतरी बसणार आहे, बेटा," एवढंच म्हणालात. मी तुम्हांला सोडायला फाटकापर्यंतही आले नाही.

परवा आमचे साहेब जवळपास माझंच वाक्य हिंदीत बोलले. गाडी बाजारात आणायची तारीख ठरली आहे, कोण कस्टमर चाकं उचलून बघतो, बाद में देख लेंगे. मी सही केली नाही. पुढे काय होईल माहीत नाही. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, बिल्कुल आजोबांसारखं केलंस." मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला तेव्हा मी पेनाचं टोपण काढलं होतं, बाबा.